रजा संपल्यानंतर : सैन्यसेवा विनापरवाना सोडण्याचे कायदेशीर परिणाम

(नांदेड जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हदगाव तालुक्यातील तामसा हे गाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे नेताजी पालकरांची म्हणून एक समाधी दाखविली जाते. नेताजी हे शिवछत्रपतींचे सरनोबत. त्यांच्या पराक्रमामुळे लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. १६६६ च्या जानेवारीत महाराजांनी पन्हाळ्यावर चाल केली, तेव्हा नेताजींनी ठरल्या वेळी फौजेनिशी येऊन मिळावयाचे होते. ते वेळेवर पोहोचले नाहीत. हल्ला फसला, बरीच माणसे कामास आली आणि महाराजांनी त्यांच्याकडून सरनोबती काढून घेतली, असे बखरकार सांगतात. पुढे नेताजी विजापूरकरांकडे गेले, तेथून मोगलांकडे गेले, धर्म बदलून काबूलपर्यंत पाठविले गेले आणि १६७६ साली स्वराज्यात परत आले. महाराजांनी त्यांना पुन्हा पदरी घेतले. वेळेवर न पोहोचण्याचा एक अपराध आणि त्यापायी दहा वर्षांची परवड, असा हा इतिहास आहे.

आज मला बोलावयाचे आहे ते सरनोबतांविषयी नव्हे. मुखेड, देगलूर, कंधार, अहमदपूर, निलंगा अशा तालुक्यांतून भरती झालेल्या आणि रजा संपल्यानंतरही घरीच राहिलेल्या साध्या जवानाविषयी मला बोलावयाचे आहे. त्या काळी न्याय राजाच्या मुखातून येत असे, आणि राजा मोठ्या मनाचा असेल तर परतीचा दरवाजा उघडा राही. आजचा दरवाजा कायद्याच्या कलमांनी बनलेला आहे. तो कधी उघडतो आणि कधी मिटत जातो हे समजून घेतले, तर गावातील आपल्यासारखी जाणती माणसे एखादे घर वाचवू शकतात. मी कायद्याचा पदवीधर नव्हे, कला शाखेचा. त्यामुळे कायद्याची भाषा मला समजली तेवढ्याच साधेपणाने मी आपणांसमोर मांडणार आहे.

सभासदांच्या बखरीत मराठ्यांच्या लष्कराचे वर्ष कसे चाले याचे वर्णन आहे. पावसाळ्यात फौज मुलखात परत यावयाची आणि दसरा झाला की मोहिमेस निघावयाचे. शेतीचे वर्ष आणि शिपाईगिरीचे वर्ष एकमेकांत बसविलेले होते. आजच्या सैन्याला पावसाळी सुट्टी नाही. नियमित सेवेतील जवानास वर्षाकाठी साधारणपणे साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते. अग्निवीरास तीस दिवस. ही रजा केव्हा मिळेल हे पलटणीच्या गरजेवर अवलंबून. पण आपल्या मुलाच्या मनात दोन पंचांगे एकाच वेळी चालू असतात. एक पलटणीचे, दुसरे शेताचे. मृगाचा पाऊस लांबला, पेरणी राहिली, मोजणीची तारीख पुढे गेली, वडिलांचा दमा बळावला, बहिणीची सोयरीक ठरता ठरता मोडली. रजेच्या दाखल्यावरील शेवटची तारीख उलटून जाते ती बहुधा अशाच एखाद्या कारणाने. युद्धास भिऊन पळालेला मनुष्य आपल्याकडे क्वचितच आढळेल. घरच्या अडचणीत गुंतून पडलेला मात्र आढळतो.

साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी सैनिक असलेल्या अशा गावात रजेचा नियम आजीबाईंनाही ठाऊक असतो. नातू दोन दिवस जास्त राहिला तर तीच त्याची पेटी दारात आणून ठेवील. आपल्या मराठवाड्यात अशी गावे थोडी आहेत. एखाद्या घरातून प्रथमच मुलगा सैन्यात जातो, आणि अडचणीच्या वेळी काय करावे हे सांगणारे घरात कोणी नसते. मग सल्ला विचारला जातो तो सरपंचांना, गुरुजींना, पोलीस पाटलांना. म्हणून हा विषय आपला आहे.

आता कायद्याकडे वळू. भूसेनेस १९५० चा सेना अधिनियम लागू आहे. वायुसेनेस त्याच वर्षाचा वायुसेना अधिनियम आणि नौसेनेस १९५७ चा नौसेना अधिनियम. त्यांतील तपशील थोडे वेगळे आहेत. आपल्याकडील बहुतेक मुले भूसेनेत जातात, तेव्हा मी सेना अधिनियमाविषयीच बोलतो.

या अधिनियमात दोन वेगळे अपराध आहेत आणि गावात ते एकच समजले जातात. पहिला अपराध परवानगीशिवाय गैरहजर राहण्याचा. तो कलम ३९ मध्ये आहे. रजा मंजूर नसता निघून येणे, पुरेशा कारणाशिवाय रजेची मुदत ओलांडणे, आपली तुकडी प्रत्यक्ष कामगिरीवर निघाल्याचे रजेवर असताना कळूनही विनाविलंब न परतणे, नेमल्या वेळी नेमल्या ठिकाणी हजर न होणे, हे सर्व त्यात येते. लष्करी न्यायालयात, म्हणजे कोर्ट मार्शलपुढे, हा अपराध शाबीत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. दुसरा अपराध सैन्यातून पळून जाण्याचा. शासकीय परिभाषेत त्यास अभित्याग, अभित्यजन असे जड शब्द वापरतात. आपण ‘पळून आला’ म्हणतो आणि ते पुरेसे आहे. हा कलम ३८ चा अपराध. प्रत्यक्ष रणसेवेवर असताना किंवा तसा हुकूम मिळालेला असताना केला, तर कायद्याने त्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा सांगितली आहे. अन्य परिस्थितीत सात वर्षांपर्यंत कारावास. या कमाल मर्यादा आहेत. न्यायालय त्याहून कमी शिक्षा देऊ शकते. परंतु अपराध कोणत्या कलमाखाली गेला यावरून पुढील आयुष्याची दिशा ठरते, हे लक्षात घ्यावे.

या दोहोंत फरक कशाचा? हेतूचा. परत जावयाचेच नाही अशा इराद्याने, किंवा महत्त्वाची कामगिरी टाळण्याच्या इराद्याने जो जातो तो पळालेला. जो उशीर करतो पण परत जाणार आहे तो गैरहजर. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका कॅप्टनचा खटला आला होता. रजा संपून तीस दिवस झाले एवढ्यावरूनच कोणास पळालेला मानता येत नाही, कायद्याने हे दोन अपराध स्पष्टपणे निराळे ठेवले आहेत, असे न्यायालयाने त्या निकालात सांगितले. मनातला हेतू शाबीत व्हावा लागतो, अथवा कलम १०६ मध्ये घालून दिलेली चौकशीची रीत पाळली जावी लागते.

ती रीत काय आहे हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, मुखेड तालुक्यातील एका जवानाने जूनमध्ये रजा घेतली आणि त्याने जुलैच्या अखेरीस परतावयाचे होते. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसचे आरक्षण होते. निघावयाच्या आदल्या दिवशी वडिलांना रुग्णालयात न्यावे लागले. पहिल्या दिवशी तो कलम ३९ खाली गैरहजर झाला. पण त्याच्याजवळ सांगण्यासारखे कारण आहे, कागद आहेत, आणि दोन-चार दिवसांत तो पलटणीत पोहोचला, तर कमांडिंग ऑफिसर त्याचे म्हणणे ऐकतील. कारण पुरेसे ठरल्यास अपराधच उरत नाही. न ठरल्यास, खटला न चालविता, त्यांच्या स्वतःच्या अधिकारात अठ्ठावीस दिवसांपर्यंत लष्करी कोठडीची शिक्षा देऊन प्रकरण तेथेच मिटू शकते. सेवापुस्तकात नोंद होते, पगार कापला जातो, पण नोकरी राहते.

हाच जवान तीस दिवस गैरहजर राहिला, तर कायद्याप्रमाणे शक्य तितक्या लवकर चौकशी मंडळ बसते. ते शपथेवर साक्षी घेते. तो कधीपासून नाही, त्याच्या ताब्यातील सरकारी सामान, हत्यार, कपडे यांत काय कमी आहे, हे नोंदविते आणि गैरहजेरी जाहीर करते. त्यानंतरही तो स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर अधिनियमाच्या दृष्टीने तो पळालेला मानला जातो. म्हणजे वडिलांच्या खाटेशेजारी बसलेला मुलगा, मनात पळून जाण्याचा विचार नसतानाही, कागदावर मात्र पळालेला ठरतो. हा बदल घडतो तेव्हा त्याच्या दारात कोणी येत नाही. शेकडो मैलांवर एका टेबलाभोवती तीन माणसे बसतात, इतकेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘महिनाभर काही होत नाही’ असे काही जाणकार म्हणविणारे लोक सांगतात. ते खरे नाही. गैरहजेरीचा अपराध पहिल्याच दिवशी घडतो. इरादा स्पष्ट असेल, उदाहरणार्थ गणवेश विकून टाकून दुसऱ्या नावाने मुंबई-पुण्यात कामास लागला असेल, तर पळून जाण्याच्या अपराधासही तीस दिवसांची वाट पाहावी लागत नाही.

यानंतर प्रकरण आपल्या जिल्ह्यात येते. कलम १०५ प्रमाणे कमांडिंग ऑफिसर नागरी अधिकाऱ्यांना लेखी कळवितात. ते पत्र सामान्यतः जवानाच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे आणि तेथून ठाण्याकडे येते. दंडाधिकाऱ्याने पकडवॉरंट काढल्याप्रमाणेच पोलिसांनी त्याचा शोध घ्यावयाचा आणि लष्कराच्या ताब्यात द्यावयाचे. पळालेला जवान असल्याचा सयुक्तिक संशय असेल तर पोलीस अधिकाऱ्यास वॉरंटाविनाही अटक करता येते. मात्र त्यास विनाविलंब जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. गावात जीप येते ती अशी. पोलीस पाटलांनी या वेळी पोलिसांना साह्य करणे हे त्यांचे कर्तव्य आहे. त्याबद्दल गावाने त्यांच्याशी वैर धरू नये, एवढे मी आवर्जून सांगेन.

बहुतेक अपराधांसाठी सेना अधिनियमाने खटला भरण्यास तीन वर्षांची मुदत घातली आहे. पळून जाण्याच्या अपराधास ही मुदत लागू नाही. दहा वर्षांनी सापडला तरी खटला होऊ शकतो. एक सवलत कायद्याने ठेवली आहे आणि ती मला फार अर्थपूर्ण वाटते. अधिकारी नसलेला एखादा जवान पळाला, पुन्हा सेवेत आला आणि त्यानंतर सलग तीन वर्षे त्याने उत्कृष्ट सेवा केली, तर त्या जुन्या अपराधासाठी त्याच्यावर खटला सुरू करता येत नाही. रणसेवेवरून पळालेल्यास मात्र ही सवलत नाही.

शिक्षेपेक्षाही अधिक झळ पोहोचते ती बडतर्फीने. याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२३ मधील एक निकाल प्रत्येक सैनिकाच्या घरात वाचला जावा असा आहे. १९८३ साली भरती झालेला, लष्कराच्या रसद विभागातील एक वाहनचालक शिपाई १९९८ च्या नोव्हेंबरात एकोणचाळीस दिवसांच्या रजेवर घरी गेला. त्याच्या विनंतीवरून रजा आणखी तीस दिवस वाढवून मिळाली. तीही संपली, पण तो परतला नाही. पत्नीची प्रकृती बिघडल्याने आपण अडकलो, असे त्याचे म्हणणे होते. मुदतीनंतर एकशे आठ दिवसांनी तो आपणहून हजर झाला. आरोप होता कलम ३९ चा, म्हणजे रजा ओलांडण्याचा. समरी कोर्ट मार्शलने त्यास सेवेतून बडतर्फ केले आणि ती बडतर्फी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. न्यायालयाने दोन गोष्टी पाहिल्या. पत्नीच्या आजाराचा आणि उपचाराचा एकही कागद त्याने दाखल केला नव्हता. आणि पूर्वीही तो अशाच प्रकारे गैरहजर राहिलेला होता. सैन्यात शिस्त हा पायाच असल्याने एवढी ढिलाई खपवून घेता येत नाही, असा निकालाचा आशय आहे.

मला येथे शिपायाचा कैवार घ्यावयाचा नाही. पण निकाल वाचताना एक विचार मनात येतो. पत्नी खरोखर आजारी असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्याचा दाखला आणि दर आठ-दहा दिवसांनी पलटणीस एक पत्र, एवढ्याने कदाचित वेगळे काही घडले असते. ते पत्र लिहून देणारा त्याच्या गावात कोणी नव्हता का?

बडतर्फीचा अर्थ पाहा. जवानास निवृत्तिवेतन मिळण्यास किमान पंधरा वर्षांची सेवा लागते. सेना अधिनियमाखाली बडतर्फ झालेला मनुष्य, त्याची सेवा सोळा वर्षांची असली तरी, मागील संपूर्ण सेवेबद्दल निवृत्तिवेतनास व उपदानास अपात्र ठरतो. अपवादात्मक प्रकरणी राष्ट्रपतींच्या स्वेच्छाधिकारात ते मंजूर होऊ शकते, पण अपवादावर संसार उभा करता येत नाही. गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचा पगार व भत्ते कापले जातात. माजी सैनिक म्हणून ओळख मिळत नाही, म्हणजे नोकऱ्यांतील राखीव जागा नाहीत, सैनिकी दवाखाना नाही. माजी सैनिकांसाठी २०२० मध्ये आपल्या राज्याने ग्रामपंचायत हद्दीत दिलेली घरपट्टीची माफीही नाही. माजी सैनिकाचा दाखला पाहून ही माफी देण्याचे काम आपल्याच ग्रामपंचायतीत चालते, तेव्हा हा मुद्दा आपणांस परका नाही.

अग्निवीरांविषयी हल्ली पालक विचारतात. २०२२ पासूनच्या या योजनेत सेवा चार वर्षांची आहे, पण त्या चार वर्षांत सेना अधिनियम पूर्णपणे लागू आहे. ‘पेन्शनच नाही, तर मधूनच सोडून आले तर काय बिघडले’ हा समज धोक्याचा आहे. मुदतीपूर्वी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणे केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच शक्य आहे. तसे झाल्यासही सेवानिधीतील स्वतःचा हिस्सा व त्यावरील व्याज मिळते, शासनाचा हिस्सा मिळत नाही. परवानगीने बाहेर पडणाऱ्याची ही स्थिती. न विचारता निघून येणाऱ्यास कलम ३८ आणि ३९ तसेच उभे आहेत.

आता गावाकडे येऊ. पळालेल्या जवानास आसरा देणे हा सामान्य नागरिकासाठीही अपराध आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १३६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १६४ मध्ये आहे. जवान पळून आला आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, जो त्याला ठेवून घेतो त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पळून येण्यास चिथावणी देणाऱ्यासाठी, म्हणजे कायद्याच्या भाषेत अपप्रेरणा देणाऱ्यासाठी, कलम १६३ आहे आणि शिक्षा तेवढीच आहे. ‘जाऊ नकोस, इथेच राहा, काय होते ते आम्ही बघून घेऊ’ असे पारावर बसून सांगणारा मामा या कलमाच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्याला ते माहीत नसते. मामा बहुधा प्रेमानेच बोलत असतो, ही त्यातली अडचण.

या कलमात एक अपवाद आहे. १८६० च्या जुन्या संहितेने म्हटले होते की, पत्नीने पतीस आसरा दिला तर हा नियम लागू होणार नाही. नव्या संहितेने ‘पत्नी’ऐवजी पती किंवा पत्नी, दोघांनाही लागू पडेल असा शब्द घातला. सैन्यात आता स्त्रियाही आहेत, तेव्हा हा बदल योग्यच. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी परकीय सत्तेने केलेल्या कायद्यानेही घरच्या बाईला नवऱ्याविरुद्ध दार लावून घेण्यास सांगितले नाही, याची मी नोंद करतो. पण आई, वडील, भाऊ, सासरे यांना हा अपवाद नाही. एकत्र कुटुंबात पत्नीने दिलेली भाकर आणि आईने दिलेली भाकर वेगळी कशी करावयाची हे कायद्याने सांगितलेले नाही.

शिक्षक व पंचायत सदस्यांना आणखी एक विनंती. आजाराचा, मोजणीचा किंवा दुर्घटनेचा खोटा दाखला देऊ नये. पलटणीकडून असे दाखले जिल्ह्यातील अधिकाऱ्यांमार्फत पडताळून घेतले जाऊ शकतात. एक खोटा दाखला निघाला की पुढच्या दहा खऱ्या दाखल्यांवरचा विश्वास जातो. खरा दाखला मात्र त्याच दिवशी द्यावा. तलाठी आज नाहीत, सरपंच लग्नाला गेले आहेत, शिक्का कपाटात आहे, अशा कारणाने गेलेला एक आठवडा जवानाच्या तीस दिवसांतूनच वजा होतो.

मग अडचणीत सापडलेल्याने काय करावे? रजा संपण्यापूर्वीच रजावाढीचा अर्ज पलटणीस पाठवावा, त्यात कारण, अपेक्षित दिवस आणि संपर्काचा पत्ता असावा. दूरध्वनी करावा, पण त्यावर विसंबू नये. लेखी पुरावा हवा. टपालाची पावती जपून ठेवावी. उत्तर आले नाही म्हणजे रजा मंजूर झाली असे समजू नये. मंजुरी येईपर्यंत मुदत मूळचीच. स्वतः आजारी पडल्यास सरकारी रुग्णालयात दाखल होऊन तेथील कागद पाठवावेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरावर जे कोसळले, तसे संकट आले तर ‘पुरेसे कारण’ म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. तरीही कळविणे चुकत नाही.

जमिनीच्या तंट्यामुळे अडकणाऱ्यांसाठी कायद्यात सोय आहे आणि तिची माहिती फारच थोड्यांना आहे. सेना अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे, दावा चालविण्यासाठी रजा मिळाली आहे असे लष्करी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र न्यायालयात दाखल केले, तर न्यायालयाने शक्यतोवर त्या रजेच्या काळातच दाव्याची सुनावणी व निकाल करावा अशी तरतूद आहे. शिवाय १९२५ चा भारतीय सैनिक (वाद) अधिनियम आहे. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाच्या पाठीमागे त्याच्याविरुद्ध दिवाणी काम उरकले जाऊ नये, यासाठी काम तहकूब ठेवण्याची व्यवस्था त्यात केलेली आहे. म्हणजे बांधावरच्या भांडणासाठी नोकरी सोडून बसण्याचे कारण नाही. तालुक्याच्या वकिलांनाही हे अधिनियम दाखवावे लागतात असा अनुभव येतो.

घरची अडचण कायमचीच असेल, म्हाताऱ्या आई-वडिलांना दुसरे कोणी नसेल, तर सेवा सोडण्याचाही रीतसर मार्ग आहे. १९५४ च्या सेना नियमांतील नियम १३ प्रमाणे, नियमित सेवेतील जवानास मुदतीपूर्वी स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्ती मागता येते. ती हक्काने मिळत नाही, वेळ लागतो. पण सेवामुक्त आणि बडतर्फ या दोन शब्दांत उभ्या आयुष्याचे अंतर आहे. या सर्व कामी नांदेड व लातूर येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये साह्य करतात. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे महसूल किंवा पोलीस खात्याकडे अडलेले काम तेथून हलविता येते.

एक वेगळी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जो परतला नाही तो पळालाच, असे नसते. १९९९ च्या कारगिल संघर्षाच्या काळात उत्तर प्रदेशातील एक सॅपर बेपत्ता झाला आणि तो पळाला असे प्रथम धरले गेले. प्रत्यक्षात तो पाकिस्तानच्या तुरुंगात होता आणि २००४ साली मायदेशी परत आला. मधल्या काळात त्याच्या घराची जी वाताहत झाली ती त्या वेळी देशभरच्या वृत्तपत्रांत आली होती. म्हणून पलटणीतून रजेवर निघालेला मुलगा गावी पोहोचलाच नाही, किंवा गावाहून निघाला पण पलटणीत पोहोचला नाही, तर घरच्यांनी लाजेने गप्प बसू नये. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात बेपत्ता झाल्याची खबर द्यावी आणि तिची प्रत पलटणीस व सैनिक कल्याण कार्यालयास पाठवावी. सात वर्षे ज्याची काहीच वार्ता नाही त्याच्याविषयी पुरावा कायद्यात जे अनुमान आहे, त्याचा आधार घेण्याची वेळ दुर्दैवाने आली, तर पहिल्या दिवशीची ती खबरच विधवेच्या हाती असलेला सर्वांत मोलाचा कागद ठरते. लष्कराच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी २००७ च्या अधिनियमाने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालेले आहे, आणि आपल्या राज्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे. समरी कोर्ट मार्शलने बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कारावास दिला असेल, तर तेथे जाता येते.

शेवटी, जो आधीच महिने किंवा वर्षे घरी राहिलेला आहे त्याच्याविषयी. अशी माणसे गावात असतात. ती लग्नकार्यात मागे उभी राहतात आणि जीपचा आवाज आला की मळ्याकडे जातात. त्यांना समजावून सांगावे की आपणहून हजर झालेला आणि पकडून आणलेला अशा दोन वेगळ्या नोंदी कागदावर होतात आणि शिक्षा ठरविताना त्या पाहिल्या जातात. पलटण दूर असेल तर रेजिमेंटच्या केंद्रात जावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे एक केंद्र नाशिकला. तेही जमत नसेल तर जवळच्या लष्करी ठाण्यात किंवा पोलीस ठाण्यात हजर व्हावे. बरोबर गावातील एका जबाबदार माणसाने जावे आणि हजर झाल्याची तारीख व वेळ लिहून घ्यावी. ओळखपत्र, रजेचा दाखला, सरकारी कपडे जे काही घरात असेल ते सर्व न्यावे. कारण त्यांतील प्रत्येक वस्तू चौकशी मंडळाच्या यादीत लिहिलेली असते. आणि आजाराचे, औषधाचे, दवाखान्याचे जुने कागद, अगदी चुरगळलेले असले तरी, बरोबर ठेवावेत.